तिसऱ्या दिवसाची गाडी

"घाटात चार्ज संपला, तर गाडी न्यूट्रलला टाकून खाली सोडता येती का?"

आण्णांनी हे विचारलं तेव्हा शोरूमच्या पाटोळे मॅडमनी हातातलं माहितीपत्रक मिटून टेबलावर ठेवलं. तासाभरातला हा विसावा प्रश्न असेल.

"काका, तुमच्या गावापासून मिरजेपर्यंत घाट कुठाय?"

"समजा आला."

"येते सोडता. पण उतारावर हिची बॅटरी उलट भरत जाते. ब्रेक मारला तरी भरते."

"ब्रेक मारल्यावर भरती?" शिदूकाका खुर्ची ओढून पुढं सरकले. "आरं आन्दा, मग आपली एसटी आत्तापतूर भरून वाहिली असती की!"

मॅडम हसल्या. आई पदर तोंडाला लावून हसली. आण्णा हसले नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढला, डोळ्यांजवळ धरून वाचला, आणि पुढचं विचारलं.

"डाव्या अंगाला काय आलं तर ही गाडी वरडती का?"

"मागं घेताना बीप करते."

"पुढं जाताना?"

"पुढं जाताना तुम्ही बघायचं, काका. एकतीस वर्षं एसटी चालवलीय म्हणता."

आण्णांनी कागदाची घडी घातली.

मला राग येत होता. दोन दिवसांची रजा काढून मी पुण्याहून आले होते, गाडी माझ्या नावावर बुक झाली होती, चालवून बघून पक्कं म्हणायचं एवढंच उरलं होतं, आणि हा माणूस घाट शोधत होता.

०

आण्णा म्हणजे माझे वडील, आनंदा ओलेकर. पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवल्याचा त्यांचा बिल्ला आमच्या घरात देवांच्या फोटोंशेजारी टांगलेला असायचा. शिदूकाका म्हणजे शिदगोंडा पाटील, शेवटची अकरा वर्षं त्यांच्याच गाडीवर कंडक्टर. दीड वर्षापूर्वी दोघं एकाच महिन्यात रिटायर झाले होते. त्यानंतर आण्णांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. कुणाची मोटारसायकलसुद्धा नाही. बाजाराला चालत जायचे. मला वाटायचं, पोट भरलं असेल.

गाडी हवी होती ती आईसाठी.

आईची दोन्ही मूत्रपिंडं बसली होती. मंगळवार आणि शुक्रवार डायलिसिस. गाव ते मिरज चाळीस किलोमीटर. सकाळी सहा-दहाची एसटी, मग चार तास मशिनवर, मग स्टँडवर परतीच्या गाडीची वाट. जाताना ती बसून जायची. येताना बऱ्याचदा उभी. पिशवीत दुसरी एक पिशवी ठेवायची, उलटीसाठी, आणि ती वापरली की घरी येईपर्यंत मांडीवर धरून बसायची, कारण एसटीच्या खिडकीतून असलं काही टाकायचं नाही हे ड्रायव्हरच्या बायकोला कळत होतं.

डॉक्टर म्हणाले, दोन पुरत नाहीत. पाणी साठतंय, छातीपर्यंत आलंय. तीन दिवस करा.

आई म्हणाली, दोनच झेपंनात, तिसरा कुठनं आणू?

मग गाडी. डिझेलची नको, रोज वापरायची नाही, आणि इंजिनाच्या वासानं आईला मळमळतं. विजेची. ये-जा ऐंशी किलोमीटर, एका चार्जमध्ये दोन फेऱ्या. हिशेब इतका सरळ होता की मला आनंद झाला होता. आनंद हा शब्द लिहिताना आज कसंतरी होतं, पण झाला होता. घराचं अर्थिंग धड नसेल तर चार्जर चालत नाही असं वायरमन म्हणाला, तर आण्णांनी स्वतः परसात पुरुषभर खड्डा खणला, तांब्याची पट्टी सोडली, मीठ आणि कोळसा घातला. रोज संध्याकाळी त्यात बादलीभर पाणी ओतायचे. आईनं जुन्या नऊवारीतून मागच्या सीटवर टाकायला गोधडी शिवली.

"मंगल," ती फोनवर विचारायची, "नव्या गाडीत उलटी झाली तर चालंल का गं?"

"चालेल, आई."

"पुसून घीन मी लगीच."

आणि मिरजेहून सिस्टर रूथ. डायलिसिसच्या वेळा त्या बघायच्या. "ताई, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळचा एक स्लॉट मोकळा होतोय. योजनेतली मशिनं मोजकीच आहेत, यादी मोठी आहे. तुमच्यासाठी धरून ठेवते, पण या बुधवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगा."

शोरूममध्ये आम्ही बसलो होतो तो बुधवार होता.

०

त्या सकाळी आम्ही एसटीनंच मिरजेला आलो होतो. पुढच्या सीटवर आण्णा आणि त्यांच्या डावीकडं खिडकीशी शिदूकाका, मागं मी आणि आई. काकांना बोलावलं कुणी, असं मी आईला हळूच विचारलं. आई म्हणाली, ते दोघं हागायला पण सोबत जातात, सोड. काका सगळा रस्ता बोलत होते. ते नेहमीच बोलायचे. त्यांच्या गाडीचे प्रवासी त्यांना रेडिओ म्हणत.

आला बघ आन्दा द्राक्षाचा टेंपो डावीकडनं लई भरलाय क्रेट खाली पडत्यात का काय त्याच्या मागं दोन शेळ्या आन म्हातारी म्हातारी थांबली बरं का थांबली शेळी न्हाई थांबली हां गेली हिकडं नवीन हाटेल घातलंय कुणीतरी फ्लेक्स पार रस्त्यावर आलाय वळण आलं वड्याचं कठडा तुटलाय डावीकडचा अजून तसाच ठिवलाय बघ सायकल एक सायकल दोन शाळेच्या पोरी कडंनंच चालल्यात

आण्णा समोर बघून मान हलवत होते. मी कानात इअरफोन घातले.

०

गाडी का घेतली नाही, असं पुष्कळांनी विचारलं. आई त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेली. दिवसकार्याला जमलेल्या लोकांनीही विचारलं, कारण गावात त्या गाडीची चर्चा झाली होती. त्यांना मी सांगितलं ते असं:

टेस्ट ड्राइव्हला गेलो होतो. आण्णा चालवत होते. विजेच्या गाडीला आवाज नसतो, त्यामुळं एका सायकलवाल्याला ती आलेली कळली नाही आणि तो आडवा आला. थोडक्यात निभावलं. पण आण्णांचा जीव घाबरला. म्हणाले, मुकी गाडी नको. शिवाय आमच्याकडं विजेचाही भरवसा नाही. म्हणून रद्द केली.

लोक म्हणत, बरोबर आहे. आवाज नसलेली गाडी म्हणजे धोकाच.

चार वर्षं मी हे सांगत आले. यात सायकलवाला होता हे खरं आहे. तो पडला हेही खरं आहे.

०

आता झालं तसं.

गाडी शोरूमच्या दारात आणून लावली होती. पांढरी. आईनं लांबूनच तिला नमस्कार केला. मॅडम म्हणाल्या, काका चालवतील, मी शेजारी बसते, मागं तिघं बसा.

आईला मागच्या सीटवर आडवं होऊन बघायचं होतं. परतताना तिला आडवंच व्हावं लागणार होतं, त्यामुळं पाय पुरतात का हे बघणं तिला फार महत्त्वाचं वाटत होतं. शिदूकाकांनी पुढचं दार उघडून एक पाय आत टाकला होता.

"काका, तिथं मॅडम बसणार आहेत."

"मी बसतो की हितं. मॅडम मागं बसतील."

"त्यांचा नियम आहे. आणि मागं आईला आडवं व्हायचंय. तुम्ही थांबा इथंच, आलोच दहा मिनिटांत."

"न्हाई, पण मंगल..."

"काका, उतरा. प्लीज."

काकांनी आण्णांकडं बघितलं. आण्णा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते. काका उतरले. मी मागं बसले आणि आईचे पाय मांडीवर घेतले.

मॅडमनी बटण दाबून गाडी चालू केली. काहीच झालं नाही, म्हणजे काहीच ऐकू आलं नाही.

"झाली चालू?" आण्णा म्हणाले.

"झाली. ब्रेक सोडा, हलकेच दाबा."

आण्णा दाबेनात. एक मिनिट गेलं असेल. मॅडमनी मागं वळून माझ्याकडं बघितलं.

"आण्णा, चला की."

आईला एकदम हसू फुटलं. झोपल्या झोपल्या तिनं हातातली बांगडी खिडकीच्या काचेवर वाजवली. टण टण. "घंटीबिगर हलायचं न्हाई हे गाढव," ती म्हणाली. एकतीस वर्षांची सवय; कंडक्टरनं दोनदा घंटी दिल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. मॅडमना ते समजावून सांगावं लागलं. मग त्याही हसल्या, आण्णाही हसले, आणि गाडी निघाली.

ती दोन-तीन मिनिटं छान होती. मला ती नीट आठवतात. आईच्या टाचा भेगाळलेल्या होत्या आणि माझ्या ड्रेसला घासत होत्या. ती म्हणाली, धक्काच बसंना गं, पाण्यावर चालल्यागत वाटायलंय.

चौकात मॅडम म्हणाल्या, काका, इथून डावीकडं घ्या.

आण्णांनी उजवा आरसा बघितला. मान वळवून उजवीकडं बघितलं. इंडिकेटर दिला. आणि डावीकडं वळले.

सायकलवर वैरणीचा भारा बांधलेला एक म्हातारा आमच्या डाव्या अंगाला, अगदी अंगाला, सरळ चालला होता. मी त्याला बघितलं. मॅडमनी बघितलं. आईनं, आडवी असूनही, काचेतून वैरणीची हिरवी टोकं बघितली. मॅडम ओरडल्या आणि त्यांनी स्टिअरिंग ओढलं. आवाज झाला तो पत्र्याचा नव्हता. काहीतरी ओलं, मऊ मोडल्यासारखा. तो वैरणीचा होता.

आण्णांनी गाडी थांबवली. ते उजवीकडच्या आरशात बघत होते.

"काय लागलं?" ते म्हणाले. "काय लागलं गं? कुणीकडं?"

आम्ही खाली उतरलो. म्हातारा रस्त्यावर बसला होता. मनगट सुजलं होतं, गुडघा फुटला होता. "आवाज तरी करायचा की वो," तो म्हणाला. "गाडी आली कवा, कळलंच न्हाई." ते वाक्य मी तिथंच उचललं असावं.

मॅडम भल्या होत्या. त्यांनी रिक्षा थांबवली, म्हाताऱ्याला जवळच्या दवाखान्यात नेलं, मोडलं नाही हे बघितलं, आणि आम्हाला म्हणाल्या, नव्या गाडीचा अंदाज यायला वेळ लागतो, मनाला लावून घेऊ नका.

मी लावून घेतलं नव्हतं. मी एकच शब्द धरून बसले होते. कुणीकडं.

०

आईला शोरूममध्ये पंख्याखाली बसवलं. समोरच्या टपरीवर आम्ही तिघं. चहा आला.

"आण्णा, सायकलवाला कुठल्या बाजूला होता?"

"झालं ते झालं."

"कुठल्या बाजूला होता?"

"मंगल, च्या गार व्हायलाय," शिदूकाका म्हणाले.

"तुम्हाला विचारलं नाही, काका."

मग काका म्हणाले, "सांग आन्दा आता."

"तूच सांग."

"पोरी, डाव्या डोळ्यानं त्याला कायबी दिसत न्हाई. उजव्याचंबी कडंचं चाललंय. काचबिंदू. गेलेली नजर माघारी येत न्हाई म्हणालाय डॉक्टर. आता थेंब घालतोय, हाय ती टिकावी म्हणून."

"कधीपासून?"

"हळूहळू जातंय की ते, एकदम थोडंच..."

"काका. कधीपासून?"

काकांनी कप खाली ठेवला. "रिटायर व्हायच्या आदी दोन वर्सं."

"आणि एसटीतली डोळ्यांची तपासणी?"

"ती आदीच झाली हुती," आण्णा पहिल्यांदाच बोलले. "तवा चांगलं हुतं. म्होरची यायच्या आत रिटायर झालो."

मग काकांनी सगळं सांगितलं. एखादं तंत्र समजावून द्यावं तसं. सगळी तिकिटं स्टँडवरच काढायची, त्यामुळं गाडी पाच-सात मिनिटं उशिरा सुटायची, लोक शिव्या द्यायचे. मग पुढं येऊन ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला उभं राहायचं. डावीकडं जे जे येईल ते बोलायचं. पण नुसतं तेवढंच बोललं तर लोकांना कळेल, म्हणून सगळंच बोलायचं; पाऊस, उसाचा दर, कुणाचं लग्न, आणि मध्येच शेळी.

"त्याचा डावा डोळा म्हंजे मी," काका म्हणाले. "दोन वर्सात एक ओरखडा न्हाई."

"एक न्हाई," आण्णा म्हणाले.

ते जसं म्हणाले तसं म्हणायला नको होतं. त्यात अभिमान होता.

त्या दोन वर्षांतल्या एका मे महिन्यात मी माझ्या लेकीला घेऊन माहेरी आले होते. स्वरा तेव्हा चार वर्षांची. आजोबा गाडी चालवताना दिसावेत म्हणून मी तिला सगळ्यात पुढच्या सीटवर बसवलं होतं. एकदा नाही, तीन-चारदा. शिदूकाका तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहायचे आणि शेळ्या मोजायचे. ती पण मोजायची.

इथं मी जे बोलले ते आधी लिहिणार नव्हते.

मी म्हणाले, "पन्नास माणसं बसायची तुमच्या मागं. माझी पोर बसायची. बिल्ल्यासाठी?"

आण्णा म्हणाले, "उद्या सांगतो, उद्या सांगतो म्हणत गेलो."

"आणि आता आईला घेऊन जाणार होता?"

"शिदू येतो म्हणलाय. आठवड्यातनं तिन्ही दिवस. म्हणून तर मी व्हय म्हणलं. रस्ता पाठ हाय."

"आणि तो सायकलवाला?"

"तवा शिदू नव्हता."

ते खरं होतं. काकांना मीच उतरवलं होतं. खरं असल्यामुळंच मला ते सहन झालं नाही.

"ऐका," मी म्हणाले. "गाडी येईल. ड्रायव्हर मी ठेवते. गावात दोघं-तिघं आहेत, मी आजच फोन करते. तुम्ही स्टिअरिंगला हात लावायचा नाही. पण ड्रायव्हर कशाला ठेवला, ते आईला तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं. आज, संध्याकाळच्या आत."

"मंगल, कशाला?" काका म्हणाले. "पाठ दुखती त्याची, म्हणून सांगू वैनीला."

"नाही."

"आगं, ती आजारी बाई..."

"आज. नाहीतर गाडी नाही."

आण्णांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

०

परतीच्या एसटीत आईला बसायला जागा मिळाली. ती खूश होती. मनगट मोडलं नाही ना, असं तिनं चारदा विचारलं. शिदूकाका सगळ्या रस्त्यात एक शब्द बोलले नाहीत. प्रवाशांपैकी कुणीतरी म्हणालं, आज रेडिओ बंद का?

घरी आल्यावर काका त्यांच्या घरी गेले. आईनं भाकरी टाकल्या. मी सोप्यात बसून होते आणि आण्णा समोरच्या खाटेवर. दर थोड्या वेळानं मी त्यांच्याकडं बघायचे. ते उठले, परसात गेले, बादली वाजली, पाणी ओतल्याचा आवाज आला, परत येऊन बसले. आई आतून म्हणाली, "आवं, कालवण तिखट करू का बेतानं?" ते म्हणाले, बेतानं.

एवढंच बोलले.

साडेसहाला फोन वाजला.

"ताई, मी सिस्टर रूथ. सोम-बुध-शुक्रचं काय ठरलं? ठेवू की देऊ? एक तासगावचे पेशंट आहेत, दोन महिने थांबलेत."

मी फोन कानाला लावून आण्णांकडं बघितलं. त्यांना आवाज ऐकू जात होता. सिस्टर मोठ्यानं बोलायच्या. मी वाट बघितली. त्यांनी फक्त आतल्या दाराकडं बघून आईला "हौसे" एवढी हाक मारायची होती. बाकी मी बोलले असते. मला हेही माहीत होतं की त्यांनी काही न म्हणतासुद्धा मी "ठेवा" म्हणू शकते. गाडी येणार होती, ड्रायव्हर मिळणार होता, अर्थिंग झालं होतं, गोधडी शिवून झाली होती. आण्णांच्या डोळ्यांचा आणि आईच्या तिसऱ्या दिवसाचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता. तो मी जोडला होता.

"ताई? ऐकू येतंय का?"

आण्णांनी मान खाली घातली.

"सिस्टर," मी म्हणाले, "द्या त्यांना."

"नक्की? मग पुढचा कधी मिळेल सांगता येत नाही."

"नक्की."

"बरं झालं लगेच सांगितलंत. देव भलं करो."

आई हात पुसत दारात आली. "कुणाचा गं?"

"मिरजेचा. म्हणाले, सध्या दोनच दिवस राहू दे."

"मग गाडी?"

"बघू, आई. लाइटचं काही खरं नाही इथं."

"बरं झालं बाई," आई म्हणाली. खरंच सुटका झाल्यासारखी म्हणाली. "तिसऱ्या दिवशी घरात तरी असंन. दोन दिवसाला काय, एसटी हायच की. चला, उठा, ताटं घेतली."

आण्णा उठले. आत जायच्या वाटेवर, चौकटीच्या डाव्या अंगाला, मी मघाशी बसायला ओढलेला लाकडी स्टूल तसाच पडला होता. आईनं तो बघितला. आण्णा दोन पावलं येईपर्यंत तिनं एका हातानं तो उचलला, भिंतीकडं सरकवला, आणि त्यांच्या डाव्या खांद्याला दोन बोटं लावून त्यांना दारातून आत घेतलं. आण्णांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. दोघांनाही ती रोजचीच सवय होती. बोलणं कालवणाचंच चाललं होतं.

ती बोटं मी पहिल्यांदाच बघत होते. या घरात ती किती दिवस चालली होती, कोण जाणे.

आतून आईनं हाक मारली, मंगल, ये की, गार व्हायलंय.

फोन हातात होता. सिस्टरचा नंबर सगळ्यात वर दिसत होता. मी फोन खाटेवरच्या उशीखाली ठेवला आणि जेवायला गेले.